आकडीतला कोयता

गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला, गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या गेटवर, पेठ तालुक्यातून आलेल्या एका माणसावर अन्याय झाला. त्याचं नाव मी विचारलं नाही, ही माझी चूक. मी तिथे पत्रकं वाटत होतो.

झाडांच्या फांद्या छाटायला त्याला सोसायटीनेच बोलावलं होतं. कमरेच्या पट्ट्याला उजवीकडे मोबाईलचं पाकीट, डावीकडे तंबाखूची पिशवी आणि पाठीमागे मधोमध लाकडी आकडी. त्या आकडीत हातभर लांब कोयता अडकवलेला. चालताना तो मांडीला लागत नव्हता. गेटच्या कट्ट्यावर बसताना त्याने मागे न बघताच आकडी बाजूला सरकवली. रखवालदार मात्र आपल्या पट्ट्याला लटकवलेला दांडका आणि किल्ल्यांचा जुडगा सारखा सावरत होता.

“हत्यार आत न्यायचं नाही. इथं ठेव.”

“मंग फांद्या दातानं तोडू काय, दादा?”

“सोसायटीचा नियम आहे.”

“बरं. तुझा दांडका मांडीला लागतोय बघ. मागं घाल, सुख वाटंल.”

रखवालदार हसला, पण गेट उघडलं नाही. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला; ते म्हणाले, दुसरा कुणीतरी बघू. त्या माणसाचा दिवस वाया गेला. तो उठला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागला.

दांडकेवाला रक्षक आणि कोयतेवाला गुंड, हे पोलिसांनी ठरवलेलं नाही. सोसायटीच्या सभेत सुशिक्षित लोकांनी हात वर करून ठरवलंय. तुमच्या गेटवरही हा नियम असेल, तर येत्या सभेत उभे राहा आणि तो रद्द करा.