फिरून आलेलं घुबड

दाजींना सगळेच दाजी म्हणत. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेहुणा चारचौघांत अशी खणखणीत हाक मारायचा की ती गल्लीभर चिकटली. धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत आणि दाजी मागच्या खोलीत बसून प्लास्टरच्या साच्यांवर गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात चढवत. लोकांच्या बत्तिश्या त्यांच्या फळीवर ओळीने हसत बसलेल्या असत. स्वतः दाजी मात्र दोन वर्षांमागे बायको गेली तेव्हापासून फारसे हसत नव्हते.

रविवारचा खेळही तेव्हाचाच. घर खायला उठलं होतं, दाजी भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा तिघांनी पक्कं केलं की या माणसाला एकटं सोडायचं नाही. एक मेहुणा, घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरणारा. दुसरे मास्तर, गाडी चालवायला शिकवून शिकवून ब्लडप्रेशर वाढवून घेतलेले. तिसरा वायरमन, वयाने सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. मेहुण्याने कुठून तरी चित्रांच्या पत्त्यांची बंद पाकिटं पैदा केली आणि दर रविवारी दाजींकडे ड्राफ्टचा डाव बसू लागला.

रीत सोपी होती. चौघांनी एकेक पाकीट फोडायचं. त्यातला एक पत्ता आपल्यापाशी ठेवायचा आणि उरलेली चळत डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आलेल्या चळतीतून पुन्हा एक उचलायचा. पत्ते संपेपर्यंत हे असंच फिरतं, आणि मग ज्याने जे जमवलं त्यावर त्याने लढायचं. सगळी अक्कल निवडण्यात. कुणी काय घेतलं ते बोलायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचंही नाही.

यात दाजी तरबेज निघाले. जवळजवळ दर रविवारी तेच जिंकत. जिंकून गप्प बसले असते तर ते दाजी कसले? "मास्तर, तुम्ही चित्राला भुलता. पत्त्याची ताकद बघा, रंगरूप नको," असं ते शिकवत आणि मास्तर शहाण्या मुलासारखी मान डोलवत. वायरमन तर एकदा म्हणाला होता, "दाजी, तुम्ही क्लास काढा." दाजींना ते खरंच वाटलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी क्लासचा विचारही करून पाहिला होता.

तर त्या रविवारी दाजी टेबलाशी बसले तेव्हा त्यांच्या घशात एक वाक्य अडकलेलं होतं. ते मागच्या रविवारीही अडकलं होतं आणि त्याच्या मागच्याही.

त्याचं असं झालं होतं. वर्षभरापूर्वी एक बाई कवळी वाजते म्हणून भांडायला आल्या. वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवून निवृत्त झालेल्या, नवरा कधीच वारलेला, आवाज मोठा. त्यांनी आल्या आल्या कवळी काढून दाजींच्या हातात ठेवली आणि बोळक्या तोंडाने दाजींनाच चार शब्द सुनावले. दाजींनी घासली, बसवली, पुन्हा घासली. कवळी तिसऱ्या खेपेला बरोबर बसली, तरी बाई चौथ्यांदा आल्या. "ज्या माणसाने मला बिनदातांची पाहिलंय त्याच्यापासून आता लपवायचं काय?" असं त्या एकदा हसत म्हणाल्या, आणि दाजींच्या हातातली कानस थांबली. त्या वयात हे होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण झालं खरं.

आता बाई लेकीच्या गावी राहायला निघाल्या होत्या. बसने दोन तासांचा रस्ता. दाजींनी सोबत यावं, लग्न करून यावं, असं त्यांनी सरळ विचारलं होतं. अट एकच. "जन्मभर दोनशे पोरांच्या पंगती उठवल्या मी. आता मला असं घर हवंय की जिथे दाराची घंटा वाजत नाही. तुम्ही आणि मी. तिसरं माणूस नको, सणावारालाही नको." तिथल्या घरमालकाला बाईंना सांगायचं होतं, एकटीचं घर हवं की दोघांचं. रविवारी संध्याकाळपर्यंत दाजींनी फोन करायचा होता. नाही केला तर एकटीचं.

दाजींना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण या तिघांना सांगायचं कसं? तिघांनी दोन वर्षं आपले रविवार दाजींच्या पायी वाहिले होते. मास्तरांची बायको त्यावरून रुसून माहेरी जाऊन आली होती. आणि मेहुणा? त्याच्या बहिणीच्या टेबलाशी बसून, त्याच्या बहिणीच्या कपातून चहा पिताना, "मी दुसरं लग्न करतोय" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? उपकार करणाऱ्याशी भांडता येत नाही, तीच तर पंचाईत असते. दाजींना आपल्याच घरात कोंडल्यासारखं व्हायचं. दार उघडं असायचं आणि त्यातून आत यायला तिघे उभे असायचे.

"फोडा पाकिटं," मेहुणा म्हणाला.

दाजींनी पाकीट फोडलं. त्यांचं निम्मं लक्ष फोनकडे होतं. हाताला लागला तो पत्ता त्यांनी ठेवला, तो एक फुटकळ, कोळ्याच्या चित्राचा निघाला, आणि चळत डावीकडे मास्तरांना दिली. देता देता त्यांच्या लक्षात आलं की आपण काय सोडलं. सोनेरी काठाचं घुबड! त्या खेळातला सगळ्यांत जबर पत्ता. दाजींनी कपाळावर हात मारला, मनातल्या मनात. गेलं घुबड. मास्तर कसले सोडतात.

मास्तरांनी चळत पाहिली, जरा घुटमळले, एक पत्ता घेतला आणि चळत वायरमनला दिली. वायरमनने एक घेतला, मेहुण्याला दिली. मेहुण्याने एक घेतला आणि उजवीकडून ती चळत फिरून दाजींच्या हातात आली.

वर घुबड होतं. सोनेरी काठासकट.

दाजी बघतच राहिले. एकाच्या नजरेतून सुटेल, दोघांच्या सुटेल. तिघांच्या? त्यांनी मान वर केली. मास्तर छताचा पंखा न्याहाळत होते. वायरमनला एकाएकी चहा आठवला होता.

"हे तुम्ही कुणीच घेतलं नाहीत?" दाजींनी विचारलं.

"नजरेतून सुटलं असेल," मास्तर म्हणाले.

"तिघांच्याही?"

आणि मग दाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षं हेच चाललं होतं. चांगला पत्ता हाती आला की तिघेही तो सोडत होते, पुढे सरकवत होते, फिरत फिरत दाजींपर्यंत पोचवत होते. इतके दिवस दाजी तो लगेच उचलायचे म्हणून पितळ उघडं पडलं नव्हतं. आज त्यांनी सोडला आणि सोडलेला पत्ता सगळ्या टेबलाला वळसा घालून घरी परत आला. आणि आपण यांना खेळ शिकवत होतो! दाजींचे कान तापले.

"म्हणजे मी जिंकतच नव्हतो," ते म्हणाले.

"तसं नाही दाजी," वायरमन म्हणाला, "एकदा तुम्ही खरंच जिंकलात. मागच्या वर्षी."

मास्तरांनी त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती दाजींना लागली.

राग आला की माणसाची जीभ सुटते. दाजींनी घुबड टेबलावर आपटलं आणि घशातलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "मी लग्न करतोय. गाव सोडून जातोय. हा खेळ आता बंद."

बाईंचं सगळं त्यांनी सांगितलं, कवळीपासून घरमालकापर्यंत. फक्त ती अट सांगायची राहिली, कारण बोलताना त्यांची नजर मेहुण्याकडे गेली. मेहुणा हातातले पत्ते सारखे करत होता, सारखे झालेलेच पुन्हा सारखे करत होता.

"चांगलं झालं," शेवटी तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "खरंच चांगलं झालं, दाजी. ताईलाही आवडलं असतं." मग खाली बघतच त्याने विचारलं, "फक्त एक विचारू? मी तिकडे आलो तर चालेल का त्यांना? तसं तुमचं-माझं आता नातं काय राहतं म्हणा. पण रविवारी मला दुसरं जायला ठिकाण नाही. इथे आलो की ताईकडे आल्यासारखं वाटतं."

दोन वर्षं त्यांना वाटत होतं की मेहुणा आपल्यासाठी येतो.

नाही म्हणायची वेळ हीच होती. अट सांगून टाकायची वेळही हीच. "चालेल की. न चालायला काय झालं?" दाजी म्हणाले.

झालं! मेहुण्याचा चेहरा फुलला. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "दोन तासांचाच तर रस्ता. सकाळची पहिली गाडी धरू, शेवटच्या गाडीने परत. माझी बायको काय, रुसायची ती रुसेलच."

"आणि आता कुणी पत्ता सोडायचा नाही हं," वायरमन म्हणाला. "खरं खेळू. नव्या वहिनींना पण शिकवू."

"टेबल मात्र हेच न्या, दाजी," मेहुणा म्हणाला. "ताईने हौसेने करून घेतलं होतं. मी पोचवतो, टेंपो माझ्या ओळखीचा आहे."

दाजी उठले आणि फोनपाशी गेले. तिकडून पहिल्याच घंटेला आवाज आला.

"बोला. काय सांगू घरमालकाला?"

"दोघांचं सांगा," दाजी म्हणाले.

"नक्की ना? दोघांचंच? मागाहून लटांबर नको हं माझ्या दारात."

दाजींनी वळून पाहिलं. मास्तर मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि मेहुणा कितीतरी दिवसांनी खदखदून हसत होता.

"दोघांचंच," दाजी म्हणाले.

बाई तिकडे मोकळेपणी हसल्या. इकडे वायरमनने खिशातून टेप काढली होती आणि तो टेबलाची लांबी मोजत होता.