आक्कांचं फ्रेंच चित्र

तुम्हाला म्हणून सांगतो, पण कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल. मी एकदा एका धडधाकट बाईला मारलं होतं. तेही पोस्टानं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वारूळवाडीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मुलगी डिंगोऱ्याची, मंगल. तिची आजी म्हणजे आक्का. मला पसंत केलं ते त्यांनीच. मंगलचे वडील आबा मात्र "चित्रं काढून प्वाट भरतं व्हय?" असं तोंडावर विचारायचे. म्हटलं, दाखवूच यांना एकदा आपली कला.

त्या काळात मला फ्रेंच बायकांचं वेड होतं. अहो, चित्रातल्या! पुण्यात शिकताना एक जाडजूड पुस्तक हाती लागलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वीच्या छापचित्रांचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं, पत्रा ॲसिडात बुडवायचा. खोल गेलेल्या रेघांत शाई भरून कागदावर दाबायचं. हव्या तितक्या प्रती! आणि काय त्या बायका, काय ते डोक्यावरचे केसांचे डोंगर! लंबगोल चौकट, भोवती फुलांची माळ, खाली दगडी पाटीवर कोरलेलं नाव. मी तर खुळाच झालो होतो.

आक्कांचं अगदी तस्संच चित्र करायचं ठरवलं. जुन्नरच्या तांबटाकडून पत्रा आणला. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून नाव उलटं कोरलं, गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर घेतला. एवढी काळजी! फुलांची माळ मात्र झेंडूची घातली, म्हटलं आपल्या मातीतली असावी. पुण्याला जाऊन पंधरा प्रती काढल्या आणि मंगलच्या नातेवाइकांना गुपचूप पोस्टानं धाडल्या. सोबत चिठ्ठी? छे! चित्र स्वतः बोलतं, शब्द कशाला?

बोललं हो. भलतंच बोललं.

चार दिवसांनी मोठी प्रत बगलेत मारून मी डिंगोऱ्याला गेलो. आबांचं घर मळ्यात, शेजार लांब. दाराला कुलूप आणि अंगणात नातेवाइकांची ही गर्दी! मला वाटलं, कौतुकाला आलीत. मी हसत हसत पुढं झालो.

"काय मंडळी, आवडलं का?"

आक्कांचे मानलेले भाऊ, आहुप्याचे धोंडूमामा, डोकं धरून बसले होते. ते ताडकन उठले.

"मास्तर, हसताय काय? माझी भैन गेली, अन सांगावाबी न्हाई? निस्ता फोटू?"

"गेली? कुठं गेली?"

त्यांनी पाकिटातून माझं चित्र काढलं. लंबगोल चौकट, झेंडूची माळ, दगडावर नाव. देवा! फ्रान्समध्ये ही शोभा असेल, पण आपल्याकडे तो दहाव्याचा फोटो होता! मी बगलेतली प्रत हळूच पाठीमागे लपवली.

"घरची समदी नदीवर गेल्यात वाटतं," एक काकू डोळे पुसत म्हणाल्या.

आबांचे चुलतभाऊ म्हणाले, "लगीन आता वरीसभर पुढं. वाजंत्र्यांनाबी मी नको म्हनून आलोय."

तेवढ्यात जीप आली. घरची मंडळी बस्ता बांधायला जुन्नरला गेली होती! पुढच्या सीटवरून कापडाचं बोचकं घेऊन आक्का उतरल्या. दोन बायका किंचाळल्या.

"आगं बया! कोन गेलं गं?" आक्कांनी घाबरून विचारलं.

"तूच की, आक्का!" धोंडूमामा म्हणाले.

चित्र हातोहात फिरलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बस्त्यातला माझा सदरा आता परत जाणार, याची मला खात्री पटली. आक्का मात्र बराच वेळ चित्र न्याहाळत होत्या.

"तीळ बराबर काढलाय पोरानं," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आरं, कोन किती रडतंय ते मला जित्तेपनी बघाया मिळालं! आबा, समद्यांला च्या ठेवाया सांग. लगीन ठरल्या दिवशीच व्हईल."

झालंही. आक्का पुढं दहा वर्षं ठणठणीत जगल्या. गेल्या तेव्हा मला फार लागलं हो, सख्खी आजी गेल्यासारखं. डोळे पुसत मीच आहुप्याला फोन लावला.

"धोंडूमामा, आपल्या आक्का गेल्या."



"कोन, मास्तर का?"

"हो."

"बरं बरं. जरा आक्काला फोन द्या बघू."