पुष्पाची फ्लॉपी

मैत्रिणींनो, महागडं ऑफिस सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतलं फुकटचं वापरा, असं या ई-मेल ग्रुपवर मीच लिहिलं होतं. कोपरला माझ्या शेजारी राहणाऱ्या पुष्पालाही मी त्यावरच टायपिंग शिकवलं.

आज ती आमच्या ठाण्याच्या ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी आली. नमुन्याचं पत्र तिने टाइप केलं होतं, फ्लॉपीवर मी घालून दिलं होतं.

साहेबांनी फाइल उघडली. आमच्याकडे विकतचं सॉफ्टवेअर आहे. त्यात पडद्यावर नुसते चौकोन आले.

"बाई, पत्र आणलंय की बाथरूमच्या टाइल्स?" साहेब म्हणाले. सगळे हसले. "कुठे शिकलात?"

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. "घरीच."

"फुकटात?"

"हो."

"दिसतंच आहे."

सेव्ह करताना फाइलचा प्रकार बदलायला मीच विसरले होते. 'चूक माझी आहे, तिला इथंच टाइप करू द्या,' एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीची का?"

"शेजारी राहते," मी म्हणाले. आणि थोडं हसलेसुद्धा.

साहेबांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

संध्याकाळी पुष्पा सीडी परत द्यायला आली. "ठेवा ताई, दुसऱ्या कुणाला शिकवायला लागेल," म्हणाली. चहालाही थांबली नाही.

सॉफ्टवेअर चांगलंच आहे. फाइल बाहेर द्यायची असेल तर समोरच्याकडे उघडेल अशा प्रकारात सेव्ह करा, हे सांगायचं राहिलं होतं. आता पुष्पाच्या दारात जाऊन मी काय बोलू, ते तुम्ही सांगा.