मंगळवारच्या नूडल्स

लता बीफ करायची ती फक्त मंगळवारी, आणि तेही स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून. लंडनच्या इल्फर्डमध्ये तिला हटकणारं कोणी नव्हतं. रस्त्याच्या टोकाला खाटकाचं दुकान, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा सम्यक एडिनबराला. तरी खिडकी लावल्याशिवाय तिचा हात कढईकडे जात नसे. नागपूरला तिची आई बड्याचं मटण चुलीवर चढवण्याआधी दार ओढून घ्यायची आणि उदबत्ती लावायची, पलीकडच्या आळीत वास जाऊ नये म्हणून. आई गेली, नागपूर सुटलं. लतानं अठ्ठावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, जयंतीच्या सभांमधून कोणापुढे मान खाली घालू नका म्हणून भाषणं ठोकली. आणि घरी येऊन खिडकी लावली. या गोष्टीचा तिला स्वतःलाच राग यायचा, पण खिडकी लागायचीच.

मंगळवारचं कारण सरळ होतं. त्या दिवशी शेजारची मधुमती घरी नसायची. ती स्टॅनमोरला लेकाकडे, अजयकडे जायची, नातीला शाळेतून आणायला. मधुमती मूळची पुण्याची. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एक लाकडी कुंपण काय ते आडवं. मधुमती चिकन खायची, मासे खायची, पण बीफचं नाव निघालं की हलकेच विषय बदलायची. लतानं ते पहिल्याच वर्षी ओळखलं होतं आणि मुकाट्यानं मंगळवार धरला होता.

कारण गुरुवार तिला हवा होता. गुरुवारी चार वाजता मधुमती चहाला यायची आणि साडेसहापर्यंत हलायची नाही. अख्ख्या आठवड्यात लताशी कोणी मराठीत बोलायचं ते तेवढे अडीच तास. सम्यकचा फोन यायचा, पण त्यात 'जेवलीस का' आणि 'टेक केअर' याच्या पुढे गाडी सरकत नसे. नवरा भगवान गेला तेव्हा मधुमतीनं पंधरा दिवस खिचडीचा डबा दिला होता, न बोलता, दाराच्या कट्ट्यावर ठेवून. ते लता विसरली नव्हती.

तेव्हापासून दोघींमध्ये एक स्टीलचा डबा फिरत होता. डबा लताच्या लग्नातला, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी भगवानचं नाव कोरलेला. लतानं त्यात शंकरपाळे द्यावेत, तो साबुदाण्याच्या वड्यांनी भरून परत यावा. घरात काहीच नसेल तर मधुमती मूठभर साखर घालायची. "रिकामा डबा कसा द्यायचा गं," म्हणायची. चार वर्षांत तो एकदाही रिकामा आला नव्हता.

त्या मंगळवारी शाळांना हाफ-टर्मची सुट्टी होती. ज्या बाईच्या घरात शाळेत जाणारं कोणी नाही, तिच्या ते कशाला लक्षात राहतंय?

लतानं मांस अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून कडक केलं, मग धाग्यांच्या आडवं पातळ कापलं. ही रीत सम्यकची. जाण्याआधी त्यानं आईला पातळ लोखंडी कढई घेऊन दिली होती आणि शिकवलं होतं, "कढई धूर निघेपर्यंत तापव, मांस घाल आणि हलवू नकोस. फाइव्ह मिनिट्स, आई." सोया सॉस, आलं, लसूण, कांद्याची पात, शेवटी उकडलेल्या नूडल्स. गरम मसाला घालायचा नाही असंही त्यानं बजावलं होतं, पण लता चिमूटभर घालायचीच. मांसाचं पाकीट दोघांपुरतं यायचं. ती सगळंच करायची.

बंद खिडकीमुळे धूर कोंडला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलायला लागला. लता खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय तोच पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. दुसरी किल्ली मधुमतीकडे असायची.

"लता! अगं फायर ब्रिगेड बोलावू का?" मधुमती खोकत आत आली आणि तिनं तडक खिडकी उघडली. "विंडो बंद करून कोणी स्टर-फ्राय करतं का? वेडी आहेस."

अलार्म थांबला. मधुमती हसली, कढईत डोकावली. "पण वास काय भारी येतोय. चिकन नूडल्स ना? सकाळपासून नुसत्या टोस्टवर आहे मी." तिनं रॅकमधला काटा घेतला. या घरात तिला विचारावं लागत नसे.

एका 'हो'चं काम होतं. कोणाला कळणार नव्हतं, आणि गुरुवार शाबूत राहिला असता. मधुमतीनं काट्याला नूडल्स गुंडाळल्या, वर मांसाची एक पट्टी टोचली.

"मधू, थांब. बीफ आहे ते."

मधुमतीनं काटा टाकला नाही. अगदी अलगद कढईच्या कडेला ठेवला. "अगं, मग आधी सांगायचंस ना," ती म्हणाली. "आम्ही असलं काही मानत नाही हं. अजय तर बीफ बर्गर खातो." बोलता बोलता ती सिंककडे गेली आणि तिनं हात धुतले. साबण लावून, दोनदा. हाताला काहीच लागलं नव्हतं. मग तिला गॅसवर ठेवलेला कुकर आठवला आणि ती गेली.

संध्याकाळी सम्यकला सांगितलं तर तो म्हणाला, "चिकन म्हणायचंस ना, आई. व्हॉट्स द बिग डील?"

"तिनं खाल्लं असतं रे," लता म्हणाली. "माझ्यावर विश्वास टाकून."

गुरुवारी तिनं दोन कप काढले. चारला मेसेज आला, 'गुडघा दुखतोय, नेक्स्ट वीक नक्की.' पुढच्या गुरुवारी फिजिओ होता. त्यापुढच्या सोमवारी लता दूध आणायला दार उघडते तर कट्ट्यावर सुपरमार्केटची पिशवी. आत भगवानचा डबा. उचलल्याबरोबर तो हलका लागला, तरी तिनं कानाशी नेऊन हलवून पाहिला. साखर असेल, तळाला. झाकण काढलं. डबा लखलखीत घासलेला होता आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

मग मात्र ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली. भगवान गेल्यावरही ती इतकी एकटी पडली नव्हती, कारण तेव्हा कट्ट्यावर डबा यायचा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. लतानं मांस आडवं कापलं, कढई तापवली. खिडकीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. खिडकी उघडी राहिली, धूर कुंपणावरून निघून गेला, अलार्मही वाजला नाही. नूडल्स झकास झाल्या होत्या, आणि नेहमीसारख्या दोघांपुरत्या. अर्ध्या तिनं टेबलाशी बसून खाल्ल्या. उरलेल्या भगवानच्या डब्यात भरल्या, झाकण दाबून लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवल्या. उद्या तिच्याच कामाला येणार होत्या. पण डबा रिकामा ठेवायची तिच्या घरात पद्धत नव्हती.