टेकडीवरचा रेडिओवाला

बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, म्हणून पहाटे पांडवलेण्याच्या डोंगरावर जातो. तिथं एक माणूस झाडाला वायर बांधून, पेनाचं टोपण दातात धरून रेडिओ ऐकत बसायचा. लांबलांबची स्टेशनं ओळखून वहीत लिहायचा त्याला नाद. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा खरखरीतून बारीक गाणं आलं. मी म्हणालो, "श्रीलंका असंल. लिहा की वहीत."

"नाय बाबा. स्टेशननं स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय लिहायचं नसतं. आपल्याला तर काय पण वाटतं."

"अन् सांगितलंच नाही तर?"

"उद्या परत यायचं."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मी पोराला फोन करायचो, तुझी आई आली होती म्हणून. आता करत नाही. गॅस बारीक करतो आणि ऐकत बसतो.