डॉक्टरांच्या भिंतीवरचं धुकं

"आधी चित्र बघा, मग तोंड उघडा," असं म्हणून आमचे चिनी डॉक्टर पेशंटची खुर्ची भिंतीकडे वळवायचे. दाढ ठणकत असताना चित्र कुणाला सुचणार? पण डॉक्टर हात पुसत शांत उभे राहायचे. माणूस जरा सैल पडेपर्यंत हत्याराला हात लावायचे नाहीत.

पनवेलच्या बाजारात त्यांचा दवाखाना आणि माझा टायपिंगचा क्लास यांच्यात एकच भिंत होती. माझ्याकडे खडखड, त्यांच्याकडे घरघर. नव्वदच्या आसपासचे दिवस. दुपारी दोघांकडेही सामसूम झाली की आम्ही एकत्र चहा प्यायचो. त्यांचं नाव गावात कुणाला धड घेता येईना, म्हणून सगळ्यांनी 'चिनी डॉक्टर' करून टाकलं होतं. मराठी मात्र आमच्याहून स्वच्छ. चिडले की तेवढे हिंदीत जायचे.

चित्र त्यांनीच काढलेलं होतं. भलंथोरलं, तैलरंगातलं. त्यात ना डोंगर, ना माणूस, ना फूल. डावीकडून एका दमात ओढलेले काळे फटकारे. खाली सुरीने थापलेला तांबडा रंग, गिलाव्यासारखा जाड. आणि मध्ये मोठी पांढुरकी मोकळी जागा.

"काळं बाबांनी शिकवलं," ते सांगायचे. "शाई आणि कुंचला. घरात तेच चालायचं. तांबडं मुंबईत शिकलो, रविवारच्या क्लासला. तिथले मास्तर म्हणायचे, दिसतं ते काढू नका, आत जे होतं ते काढा."

कुणाला त्यात कर्नाळ्याचा सुळका दिसे, कुणाला नुसतंच रंगाचं सांडलेपण. दवाखान्यात मदतीला खाडीकाठच्या गव्हाण गावची एक मावशी होती. ती ठासून म्हणे, "ही आमची खारी हाय. भरतीचा पानी येतंय, बगा." मला मात्र, खरं सांगतो, त्या मोकळ्या जागेची भीती वाटायची. संध्याकाळी बाकावर एकटा बसलो की वाटे, पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि माझ्याकडे बघतंय. मग मी पाठ करून बसायचो. ते जास्तच वाईट.

एकदा विचारलं, "डॉक्टर, मधलं रंगवायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, सर. आमच्याकडे तसंच सोडतात. ते धुकं. बाबा त्याच्या पलीकडे आहेत."

हळूहळू सगळं कळलं. चीनशी युद्ध झालं तेव्हा त्यांच्या कुटुंबाला आसामातून उचलून राजस्थानात छावणीत ठेवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं. तिथून वडिलांना बोटीने चीनला धाडलं. आई दोन मुलांना घेऊन पनवेलला आपल्या भावाकडे आली. हा दवाखाना त्या मामाचाच. तिने वडिलांना पत्ता कळवला, त्यांचं 'येतो' असं उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. आता आई नव्हती, मामाही नव्हता. कॅनडातली बहीण सारखी बोलवायची. डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर, "पत्ता बदलून कसं चालेल?" चित्र दाराकडे तोंड करून लावलं होतं तेही त्यासाठीच. बाबा रस्त्याने जाताना आपल्या कुंचल्याचं वळण ओळखतील. दवाखाना बंद करताना ते चित्राकडे बघून हळूच "आलोच" म्हणायचे, घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

एका दसऱ्याला क्लासला सुट्टी होती, म्हणून मी दवाखान्यात बसलो होतो. मावशीने खुर्चीला, मशीनला, चिमट्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. एक हार उरला. तो तिने चित्राला घातला. डॉक्टरांचे वडील त्यात आहेत एवढं तिला ठाऊक होतं, आणि सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याला हार नको? पण माणसाच्या तसबिरीला आपल्याकडे हार कधी पडतो, ते तुम्हाला मी काय सांगू?

डॉक्टर आपट्याची पानं घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

"मावशी," त्यांनी विचारलं, "कधी गेले?"

"कोन, डाक्टर?"

"बाबा."

मावशीचा हात तोंडावर गेला. "नाय ओ! काय बोलता! मी आपला दसऱ्याचा..." ती हार काढायला धावली. डॉक्टरांनी तिला अडवलं.

"राहू दे. मुलाने घालायचा असतो. माझा हात होत नव्हता."

मग ते पेशंटच्या खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. हार पार वाळला तरी त्यांनी कुणाला काढू दिला नाही. होळीच्या आधी ते बहिणीकडे निघून गेले. चित्र मावशीच्या हवाली केलं. मला नुसतं म्हणाले, "सर, आता वाट बघायचं काही कारण नाही."

त्यांच्या जागी एसटीडीचा बूथ आला. पुढे एकदा कामानिमित्त गव्हाणला गेलो, तेव्हा मावशीकडे डोकावलो. जमिनीच्या पैशातून मुलाने नवं घर बांधलं होतं. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर तेच काळे फटकारे. हार नव्हता. ते धुकं तसंच, आणि माझ्या मानेवर तोच काटा.

"त्या बूथवाल्याला सांगून ठेवलंय," मावशी चहा ओतत म्हणाली. "कोनी म्हातारा चिनी डाक्टरांना इचारत आला, तं गव्हानला धाड. हार मी घातला, आता वाट बी मीच बगनार."

"पण मावशी, ते आता..."

"तुमी बगितलंय का मेलेला? मग?"

तिन्हीसांज झाली होती, डास येत होते. निघताना सवयीने मी माझ्यामागे दार ओढून घेतलं.

"लावू नका!" मावशी आतून ओरडली. "ऱ्हाव द्या उगडं."