बादलच्या नाळेची माती

तांड्यावरच्या ललिताबाईची भाकर चौकोनी असते, असं मी साऱ्या इंझोरी गावात सांगत फिरते. चौदा हंगाम तिनं पुन्याकडच्या वीटभट्टीवर विटा थापल्या. हात साच्यात बसला तो बसला.

"ललिते, परातीत पीठ हाय व, चिखल नाही!" मी म्हनते.

"गोजराबाई, तुमची भाकर गोल, पन कच्ची. माही चौकोनी, पन भाजेल."

तीस वर्सं झाले आमाले असं भांडता. माह्या वावरात ती निंदाले येते, कापूस येचाले येते. अंगानं ठेंगनी, चालनं तुरुतुरु, आन खोड एकच. कोनाच्याबी भिंतीजवळून गेली का बोटाच्या कांडानं वाजवून पाह्यते. वीट चांगली भाजली असन त खणखण वाजते, नाही त धप्प. माह्या नव्या घराच्या वास्तुशांतीले सारे बुंदी खाऊन राह्यले होते, आन ही भिंत वाजवून म्हनते कशी, "धप्प वाजते, बाई. कमी भाजेल हाय." पंधरा वर्सं झाले, घर उभंच हाय, पन त्या भिंतीखाली मले अजून झोप येत नाही.

तिचा बादल त्या भट्टीवरच झाला. फागुनात अचानक अभाळ आलं, दिवसभर थापेल कच्च्या विटा पान्यात इरघळून गेल्या. भायेर मुकादम शिव्या देऊन राह्यला होता, आन कोपीत, म्हनजे त्याहीच्या झोपडीत, ही पोट्टा घेऊन हासत होती. म्हनून नाव बादल.

आता नाळ पुराची होती. तिचा नवरा भाऊसिंग म्हने, फडक्यात बांधून ठेव, गावाले गेल्यावर तांड्यात आपल्या दारापाशी पुरू. ही म्हने, "दोन महिने कुठं सांभाळू? मुंग्या लागतीन. माती ते माती." आन तिनं कोपीच्या दाराशी, बाभळीच्या बुडाशी नाळ पुरली. वरतून सोताच्या हातची एक वीट ठेवली.

हे तिनं मले सांगतलं, आन माह्या तोंडाले खेळनं भेटलं. पोट्ट्याचं नावच मी पुनेकर ठेवलं. "काय रे पुनेकर, कवा चालला आपल्या गावाले? नाळ वाट पाहून राह्यली!" तो लहानपनी चिडे. मोठा झाल्यावर हासे आन म्हने, "मावशी, तुमाले डब्यात घालून घेऊन जाईन."

भाऊसिंग तापानं गेला. त्याच्या दुसऱ्या साली बादल सेंट्रिंगच्या कामाले पुन्याले निघाला. एकोनीस वर्साचा होता. कारंजाच्या स्टँडवर आमी दोघी त्याले सोडाले गेलो. ललिताचे डोळे भरले होते, म्हनून मी मुद्दाम मोठ्यानं म्हनलं, "जाऊ दे व त्याले! जिथं नाळ, तिथं बाळ!" तो खिडकीत असा हासला, असा हासला, का बाजूच्या पोरानं त्याचा मोबाईलवर फोटो काढला. तोच एक फोटो हाय.

दोन वर्सं फोन आले. मंग फोन बंद. त्याले चार वर्सं झाले. पोलिसात लिहून दिलं, जे जे पुन्याले गेले त्याहीले फोटो दिला. काहीच नाही.

ह्या दिवाळीनंतर ललिता माह्या ओसरीत येऊन बसली. च्या केला, तो तिनं तसाच ठेवला.

"गोजराबाई, तुमीच म्हनत होत्या ना, नाळ वढते म्हनून?"

"अवं, गंमत होती ती!"

"तुमाले गंमत. पन झालं ना तसंच." मंग म्हने, "चूक माही हाय. मी त्याले परक्या मातीत पुरलं. ती माती खंदून आनते, तांड्यात दारापाशी पुरते. मंग येईन तो."

मी अक्कल शिकवाले तोंड उघडलं होतं, पन त्याच तोंडानं तर सारं केलं होतं ना. मी म्हनलं, "मी येते संगं. पवनकडं उतरू." पवन म्हनजे माहा भाचा, हडपसरले राह्यते.

बावीस वर्सांनी ललिता पुन्यात आली. पवनच्या गाडीत काचेले नाक लावून बसली होती. "इथं हरभरा होता व! इथं आमी बाजार करो!" जिथं बोट दाखवे तिथं बिल्डिंग. एका सिग्नलवर ती उतरालेच लागली, का तर म्हने भिंत वाजवून पाह्यते. पवन म्हने, "मावशी, आता विटा कमी लागतात, सिमेंटचे ब्लॉक लावतात." तर हिचं तोंड असं झालं, जसा कोनी तिचा घास हिसकला.

सकाळी आमी मजूर अड्ड्यावर फोटो घेऊन उभ्या राह्यलो. एक ठेकेदार आला, आमाले वरून खालून पाहून म्हने, "स्लॅबवर येता का दोघी?"

मी म्हनलं, "ही येईन. मी फक्त बोलाचं काम करते."

तो हासला, पन फोटो पाहून मान हालवली. एका मराठवाड्याकडच्या मानसानं फोटो लय येळ हातात धरला. ललिता त्याच्याजवळ सरकली. तो म्हने, "नाही बघितला बाई. पर लई हसरं हाय की पोरगं. कशाला हसायलंय एवढं?"

ललितानं माह्याकडं पाह्यलं. मी रस्त्याकडं पाह्यलं.

दुपारी वाघोलीच्या पुढं, गावं सुरू होते तिकडं गेलो. ऊस, कांदे, मधातच नव्या बिल्डिंगीचे सांगाडे. ललिताच रस्ता सांगे, कालवा, महादेवाचं देऊळ, मंग उजव्या हाताले. तिच्या मांडीवर नवं फडकं होतं आन एक खुरपं. खुरपं तिनं तांड्यातून आनलं होतं. मी येतानी चिडवलंबी होतं, "काहून व, पुन्यात खुरपं नाही भेटत?" आता गाडी आदळली का मीच ते खुरपं धरून ठेवो.

भट्टी नव्हतीच. तिथं एक मोठा खड्डा होता. विहिरीएवढा नाही, तलावाएवढा. हिरवं पानी, त्याच्यावर जलपर्नी. काठावर पत्र्याच्या खोलीत एक म्हातारा होता, देवमन. आपल्या बुलडान्याकडचाच, पहिलं भट्टीवर चौकीदार होता, मंग इथंच राह्यला. त्यानं ललिताले आवाजावरून ओळखलं.

"भट्टी बंद होऊन नऊ वर्सं झाले, बाई. माती सरली."

"आमच्या कोप्या होत्या ना, बाभळीपाशी?"

देवमननं खड्ड्याच्या मधात बोट केलं. "तिथं. भट्टी पहिलं वावरं खाते, मंग आपलीच जागा खाते. बाभळीसकट खंदलं. विटा थापल्या, भाजल्या, ट्रक भरून तिकडं गेल्या." आन हात पुन्याकडं केला. तिकडं बिल्डिंगी दिसत होत्या, कुठवर त कुठवर.

"कोन्या बिल्डिंगीत?" ललितानं विचारलं.

"आता ते कोन सांगन, बाई?"

ती काठावर उकिडवी बसली. मले वाटलं रडन. पन ती हळू आवाजात बोलाले लागली. "मीच त खंदत होती, गोजराबाई. दरसाल माती सरली का आमीच कोप्या मांगं सरकवो. मले ठाऊक होतं ना. पन वाटलं, बाभूळ ठेवतीन."

विटांचे तुकडे पडेल होते काठावर. ती एकेक उचलून कांडानं वाजवे. खणखण वाजला का फेकून दे. मी म्हनलं, "चांगला तुकडा फेकते काय व?" तिनं दुसरा उचलला. शेवटी एक अर्धी वीट धप्प वाजली. ती तिनं फडक्यात बांधली.

"चांगली भाजेल वीट जलमभर वीटच राह्यते," ती म्हने. "कमी भाजेल असली त पान्यात ठेवून माती होते."

येतानी ट्रॅव्हल्समधी वीट तिच्या मांडीवर होती. खुरपं माह्या पिशवीत.

आता तिच्या दारापाशी घमेल्यात पानी हाय आन पान्यात ती वीट. दोन महिने झाले. कोपरे थोडे सुटले, घमेल्याच्या बुडाशी लाल गाळ बसला, तळहातभर. त्या गाळात बादलच्या नाळेचं काही असन का नसन, हे मी तिले विचारलं नाही. सांजच्याले मी तिकडं जाते, दोघी बसतो. ती अंगठ्यानं वीट घासते, मीबी घासते. माहे नख पार गेले.

काल ती म्हने, "गोजराबाई, तुमी म्हना ना."

"काय म्हनू व?"

"स्टँडवर म्हनलं होतं ते. आता इथलं म्हना. तुमचं तो ऐकते."

तांड्यात चुली पेटल्या होत्या. मी पदरानं हात पुसले. ती वाट पाहून राह्यली होती. मंग म्हनलं मी, जोरानं, कारंजाच्या स्टँडवर म्हनलं होतं तसंच. "जिथं नाळ, तिथं बाळ!"

तिनं घमेल्यातली वीट पलटी केली, आन दुसरी बाजू घासाले लागली.